रुमालाखालचा आकडा

बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला की मला त्याचं वय कळतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, पुरे आठ दात आलेला म्हणजे जुळलेला. मग चार पावलं चालवून बघितला की बाकीचं कळतं. हा उन्हाळ्याच्या नांगरटीत दम टाकेल, हा जोडीदाराला खांदा देणार नाही, हा अजून पाच हंगाम सहज काढेल, असं मी बाजारात उभ्या उभ्या सांगतो. तलवाड्यापासून पार गोदाकाठापर्यंत लोक बैल घ्यायचा म्हटलं की मला सोबत नेतात. ही विद्या कुणी हाताला धरून शिकवलेली नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत बाजार गाठले, लाथा खाल्ल्या, दोनदा पार फसलो, तेव्हा कुठं आली.

एवढं आधी सांगतो, कारण माझा डॉक्टर लोकांवर राग आहे आणि तो का आहे हे नीट समजावं. मी न शिकलेला माणूस बैलाच्या पुढच्या पाच वर्षांचं सांगतो. आणि ज्यानं निम्मं आयुष्य पुस्तकांत घातलं, ज्याच्याकडं मेंदूचे फोटो काढायचं एवढं मोठं यंत्र आहे, तो माझ्या धाकट्या भावाचं पुढं काय होईल ते सांगत नव्हता.

धाकट्याला लागलं ते बाजारातच. सकाळची वेळ. मी एक खिलारी बैल घेतला होता आणि तो टेम्पोत चढवायचा होता. टेम्पो चाचांचा. चाचा म्हणजे गेवराईचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पंचवीस वर्षं माझी जनावरं तेच वाहतात. धाकट्यानं बैलाकडं एकदा नीट पाहिलं आणि म्हणाला, "दादा, याचा डोळा बरोबर न्हाई."

"दात बघितलेत मी. गरीब हाय. लेकरूसुद्धा धरंल याला. चल बे, कासरा धर."

त्यानं धरला. फळीवर अर्ध्यात गेल्यावर मागून कुणीतरी हॉर्न दाबला आणि बैल उसळला. धाकटा मागं फेकला गेला. फाळक्याची लोखंडी कडी डोक्यात बसली. रक्त फार नव्हतं. तेच मला बरं वाटलं, इतका मी अडाणी.

बीडला नेलं. तिथून संभाजीनगरला पाठवलं. अकरा दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत.

त्या अकरा दिवसांत मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून एकच प्रश्न विचारत होतो. नीट होईल का? डॉक्टर तरुण होता, अंबाजोगाईकडचा, बोलण्यावरून शेतकऱ्याच्या घरचा वाटायचा. तो रोज तेच सांगायचा. "आत्ता सांगता येणार नाही." वय कमी आहे ही चांगली बाजू, म्हणायचा. बेशुद्धी लांबते आहे ही वाईट बाजू. डोळ्यांत उजेड टाकला की बाहुली बारीक होते ही चांगली. सूज आहे ही वाईट. चांगली, वाईट, चांगली, वाईट. मी म्हटलं, अरे, बेरीज काय ती सांग.

आता बाजारात आमची एक रीत आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमाल हातावर टाकायचा, खाली घेणाऱ्या-देणाऱ्याचे हात भेटतात, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. ज्याला चारचौघांत खरं बोलायचं नसतं तोसुद्धा रुमालाखाली खरं बोलतो. दहाव्या दिवशी मला वाटलं, भावजय शेजारी उभी आहे म्हणून डॉक्टर बोलत नसेल. मी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि त्याच्यापुढं धरला.

"तोंडानं नका सांगू. दहातले किती, तेवढी बोटं दाबा. माझ्या पोटात राहील."

नर्स हसली. तो हसला नाही. त्याला रीत ठाऊक होती. त्यानं हात रुमालाखाली घातला, माझा पंजा धरला आणि एकही बोट न दाबता तसाच धरून ठेवला.

"माझ्याकडं आकडा नाही हो," तो म्हणाला. "असता तर दाबला असता."

दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मी मनात म्हटलं, पक्का आहे. आकडा धरून ठेवतोय. असे विकणारे मी खूप पाहिलेत.

बाराव्या दिवशी धाकट्यानं डोळे उघडले. महिन्याभरानं घरी आला. डावा पाय ओढायचा. शब्द उशिरा यायचा. पाणी मागायचं तर आधी दोन-तीन भलतेच शब्द तोंडात यायचे आणि तो स्वतःवरच चिडायचा. आवाज सहन व्हायचा नाही. शेजारच्याची पिठाची गिरणी सुरू झाली की कान दाबून बसायचा.

तीन महिन्यांनी परत बोलावलं. या वेळी डॉक्टरनं एक छापील फॉर्म पुढं ठेवला. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं पुढचं जगणं कसं राहील याचा अंदाज बांधायला हा लागतो, म्हणाला. खरं म्हणजे पेशंटनं स्वतः भरायचा, पण याला अजून जमणार नाही, म्हणून जवळच्या नातेवाइकानं भरायचा. प्रश्न साधे होते. स्वतःचं स्वतः जेवतो का. लक्ष लागतं का. रस्त्यानं एकटा जाऊ शकतो का. राग आवरतो का. लोकांत मिसळतो का. पुढं पाच चौकोन, अजिबात नाही पासून खूप पर्यंत.

इथं मी जे केलं ते सांगायला मला वर्ष लागलं.

बैल घ्यायचा असला की आम्ही आधी त्याच्यात खोट काढतो. वशिंड कललंय, खूर फाटलाय, भोवरा वाईट आहे. बैल उत्तम असला तर जास्तच काढतो. खालून सुरुवात केली की मध्यावर येऊन थांबता येतं. वरून सुरुवात करणारा लुटला जातो. ही माझ्या हाडात बसलेली सवय. मला वाटलं, बरा आहे असं लिहिलं तर हे लोक म्हणतील, घेऊन जा घरी, व्यायाम बंद, तपासणी बंद. वाईट लिहिलं तर जास्त लक्ष देतील. आज खाली सांगू, उद्या ते आपोआप वर चढवतील.

भावजय शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवत होती. ती बारावी शिकलेली. मी चौकोनांवर बोट ठेवत गेलो. अजिबात नाही. अजिबात नाही. थोडं. अजिबात नाही.

"दादा, काल शर्ट त्यांनी स्वतः घातला की."

"दोन गुंड्या चुकल्या होत्या."

"तरी घातला ना. आन् शेळीला पाला टाकायला एकटेच गेलते."

"तुला सौद्यातलं कळत न्हाई. गप खूण कर."

तिनं खुणा केल्या. सही मी केली.

डॉक्टरनं तो कागद, डोक्याचे फोटो, बेशुद्धीचे दिवस, सगळं समोर ठेवून बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला की या सगळ्यावरून असं दिसतं, कायम कुणीतरी सोबत लागेल. बाहेरचं, धोक्याचं, डोक्याचं काम बहुतेक जमणार नाही. पुढं आणखीही बोलला. हा अंदाज आहे, तुमच्या उत्तरांवर बराच टेकलेला आहे, वर्षानं पुन्हा पाहू. ते मी ऐकलं नाही. मला शेवटी आकडा मिळाला होता. तीन महिने मागितला होता, आता हातात पडला. सौदा झाला की मी मागं फिरत नाही.

घरी आल्या आल्या मी कामाला लागलो. माझा स्वभावच तसा. आधी मोटारसायकलची चावी माझ्या कडदोऱ्याला बांधली. मग त्याचा मोबाईल काढून घेतला, कारण तो कुणालाही लावायचा आणि अर्ध्यात शब्द अडायचा, लोक हसायचे. मग जोडी. त्याची लाल कंधारी जोडी. दोन गोऱ्हे त्यानं दूध पाजून वाढवलेले, वेसण त्यानंच घातलेली, औताला त्यानंच शिकवलेले. चार दाती झाले होते, ऐन भरातले. मी हिशेब केला, हा आता यांच्याजवळ जाणार नाही, कुणी आवरायचे? त्याला व्यायामाला बीडला पाठवलं आणि मागं जोडी दाखवायला माणूस बोलावला. रुमाल टाकला, बोटं दाबली, मोकळा झालो.

संध्याकाळी तो गोठ्यात गेला. बराच वेळ आवाज नाही. मी जाऊन पाहिलं तर रिकाम्या दावणीपाशी उभा. माझ्याकडं बघून तोंड उघडलं. शब्द यायला तयार नाही. "भा... भाक... बै..." कपाळावरची शीर फुगली. मग त्यानं कडब्याची पेंढी उचलून माझ्यावर फेकली.

"बघ," मी भावजयीला म्हटलं. "राग आवरत न्हाई. डॉक्टरनं सांगितलं तसंच चाललंय."

ती चूल सारवत होती. मान वर न करता बोलली. "दावण डाक्टरनं न्हाई मोकळी केली."

मला तिचा भयंकर राग आला. चार दिवस बोललो नाही तिच्याशी.

पुढचे महिने असेच गेले आणि प्रत्येक महिन्यात मी बरोबर ठरत गेलो. पाहुणे आले, याला विचारलं, काय म्हणतोस? की त्याचा शब्द येईपर्यंत मी उत्तर द्यायचो. "बरा हाय, पण आता असंच राहायचं." तो माझ्याकडं बघायचा आणि उठून आत जायचा. मी म्हणायचो, लोकांत मिसळत नाही. भाकरीचं ताट ढकलून द्यायचा, एकदा भिंतीवर फेकलं. मी म्हणायचो, डोकं फिरलंय. चाचा टेम्पो घेऊन यायचे, हाक मारायचे, "चल रे, बाजार को चल." मी मध्ये पडायचो. "चाचा, कशाला? गर्दीत पडला तर?"

"पडेल तर उचलेंगे. माणूस आहे ना, काचेचं भांडं आहे का बे?"

"तुमचं काय जातं बोलायला."

"माझं काही जात नाही. तुझंच जातंय, तुला दिसत नाही."

चाचांशी पण मी वाकड्यात गेलो. त्या दिवसांत मी कुणाशी सरळ होतो?

वर्ष झालं. पुन्हा संभाजीनगर. तोच डॉक्टर, तोच फॉर्म, पण या वेळी दोन. एक मला, एक धाकट्याला, आणि दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलं. मी म्हटलं, त्याला शब्द सापडत नाही, मी सांगतो ना. डॉक्टर म्हणाला, "चौकोनाला शब्द लागत नाहीत. बोट ठेवलं की झालं." मी एका नर्सकडून वाचून घेत दहा मिनिटांत भरून दिला. तो दीड तास बसला होता.

मग डॉक्टरनं धाकट्याला विचारलं, दादांना दाखवू का? त्यानं मान हलवली. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

चालणं. मी अजिबात नाही, त्यानं मध्यम. लक्षात राहणं. मी अजिबात नाही, त्यानं थोडं. स्वतःचं आवरणं. मी थोडं, त्यानं बरंच. वाटलं, स्वतःला फार समजतो. पण खाली दोन ठिकाणी त्यानं बोट इतकं दाबलं होतं म्हणे, की नर्सनं तिथं पेननं दोनदा गोल केला. स्वतःचं स्वतः काही ठरवता येतं का? अजिबात नाही. घरातले, बाहेरचे तुमच्याशी जसे वागतात त्यात समाधान आहे का? अजिबात नाही. त्या दोन्हीत मी खूपवर खूण केली होती. कारण आम्ही त्याला काही कमी पडू देत नव्हतो.

आणखी एक होतं. वास येतो का? अजिबात नाही. मार लागल्यापासून त्याला कशाचाच वास येत नव्हता. भाजीचा नाही, भाकरीचा नाही, गोठ्याचा नाही. वर्षभर तो जेवायला बसला की तोंडात लाकूड चावल्यासारखं लागत होतं आणि ते सांगायला त्याला शब्द सापडत नव्हता. मी म्हणत होतो, डोकं फिरलंय.

डॉक्टर म्हणाला, गेल्या वर्षीचा अंदाज चुकला, याला बरंच काही जमण्यासारखं आहे. मी उठून उभा राहिलो आणि टेबलावर हात आपटला. "तुमीच म्हणला होता ना, कायम सोबत लागंल? कामाला जमणार न्हाई? तुमच्या बोलण्यावर जोडी विकली मी! आता कावून उलटं सांगता?"

बाहेरचे पेशंट दारात जमले. डॉक्टरनं गेल्या वर्षीचा कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. खाली माझी सही.

"यात एकटा बाहेर जातो का, अजिबात नाही असं आहे. तेव्हा जात नव्हता का?"

दाराशी भावजय उभी होती. तिनं सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. ती बोलली नाही म्हणून मला बोलावं लागलं.

"जात होता. शेळीला पाला टाकायला." मग म्हटलं, "मी भाव पाडून सांगितला. तुमी वर चढवाल म्हणून."

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "आम्ही भाव करत नाही हो. तुम्ही सांगाल ते खरं धरतो."

आजही मला त्याचा राग येतो. अरे, समोरचा काय माणूस आहे ते ओळखायचं नाही का? एवढ्या मोठ्या निर्णयाचा कागद, आणि नातेवाईक सांगेल ते खरं धरायचं? मी समोरच्याच्या शब्दावर एक शेळीसुद्धा घेत नाही. भावजयीला निदान एकटीला विचारायचं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं, आणि तो म्हणाला, हे बरोबर आहे तुमचं. चूक कबूल केली त्यानं. माझा राग तरी कमी झाला नाही, कारण जोडी परत येणार नव्हती. मी नंतर शोधलीही. ती पुढं विकली गेली होती.

निघताना मी पुन्हा विचारलं. सवय. "आता पुढं काय? पाच वर्षांनी?"

"आता तर अजिबातच नाही सांगणार तुम्हाला," तो म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "तो रोज काय करतो यावर पुष्कळ आहे."

परत येताना टेम्पोत पुढं चाचा, मध्ये धाकटा, कडेला मी. भावजय घरचं बघायला आधीच बसनं गेली होती. पाडळशिंगीच्या पुढं धाकटा बोलला. आधी दोनदा अडलं. मी तोंड उघडलं तसा चाचांनी गिअर टाकला आणि तोच हात लांबवून माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "थांब ना बे. त्याचं त्याला बोलू दे."

आम्ही थांबलो. एक पूल गेला, एक ढाबा गेला.

"बै... बैल," धाकटा म्हणाला. "मी. बघणार."

पुढच्याच बाजारी आम्ही गेलो. आवाज सहन होत नाही म्हणून त्यानं कानांत कापूस घातला आणि वरून रुमाल गुंडाळला. मी ठरवून गेलो होतो की तोंड उघडायचं नाही, आणि बाजारात शिरल्यावर मला जे झालं ते सांगता येत नाही. माझ्या डाव्या हाताला एक देवणी उभा होता, असा बैल वर्षात एकदा दिसतो. धाकटा त्याच्याकडं न बघता पाय ओढत पुढं गेला. थांबला कुठं? एका मातकट लाल बैलाशी. सहा दाती, मागचा खूर किंचित फाकलेला. मला वीस पावलांवरून दिसलं. त्यानं दात बघितले, पण घाईघाईत. मग बैलाच्या तोंडासमोर गेला आणि त्याच्या डोळ्यात बघत उभा राहिला. किती वेळ! लोक बघायला लागले. बैल कान हलवत तसाच उभा.

मला तो खिलारी आठवला. कासरा आठवला. मी रुमालाची गाठ दातात धरली.

बैलवाला तोंडाळ होता. "काय पाव्हणं, लगीन जमवताय का बैलाशी? भाव बोला की."

धाकट्याचं तोंड उघडलं. "क... का..." भोवती दोघं-तिघं हसले. माझा पाय आपोआप पुढं पडला. चाचांनी मागून माझा सदरा धरला.

धाकट्यानं तोंड मिटलं. कानावरचा रुमाल सोडला, हातावर टाकला आणि पुढं केला.

बैलवाल्याचं हसू गेलं. रुमाल पुढं आला की बाजारात कुणी चेष्टा करत नाही. त्यानं हात खाली घातला. रुमाल हलायला लागला. बैलवाल्यानं मान नाही म्हणून हलवली. पुन्हा रुमाल हलला. धाकट्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वर्षभर ज्या चेहऱ्यावर मी राग, ताप, गोंधळ सगळं वाचत होतो तो एकदम कोरा झाला होता, सौदा करणाऱ्याचा असतो तसा. बैलवाला "न्हाई जमत" म्हणून वळला. धाकटा हलला नाही. बैलवाला चार पावलं जाऊन परत आला. हात पुन्हा खाली.

मी तीन हातांवर उभा होतो. पंचवीस वर्षं रुमालाच्या आत असलेला मी, पहिल्यांदा बाहेर होतो. आत काय चाललंय ते काही दिसत नव्हतं.

मग रुमाल निघाला आणि कासरा धाकट्याच्या हातात आला.

टेम्पोत चढवताना फळीवर धाकटा पुढं गेला नाही. चाचांना कासरा दिला, स्वतः बैलाच्या मानेशी उभा राहिला. मी मागं उभं राहून ज्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला त्याला अशी शिवी घातली की त्यानं गाडी बंद केली. बैल चढला.

वाटेत मी विचारलं, केवढ्याला?

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी रुमाल पुढं केला, म्हटलं, बोट दाब. त्यानं रुमाल घेतला, घडी केली, परत कानाला बांधला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

तो आकडा मला अजून माहीत नाही. भावजयीला माहीत आहे, ती सांगत नाही. बैलाचा मागचा खूर वाईटच आहे, हे मी आजही म्हणतो.